तिसावी मॅच

तिबो नोवित्स्कीने तेहतिसाव्या वर्षापर्यंत तीनच गोल केले होते, आणि त्यातला एक आपल्याच संघावर. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. चार नंबरचा शर्ट घालणाऱ्याकडून कुणी गोल मागत नाही. त्याने मध्ये पाय रोवून उभं राहायचं, हवेतून येणारा चेंडू डोक्याने परत धाडायचा आणि समोरच्या गड्याला वळू द्यायचं नाही. बारा वर्षं तो हेच करत आला होता. टीव्हीवाल्यांना त्याचं आडनाव धड उच्चारता येत नसे, पण ज्या ज्या क्लबात तो राहिला तिथले गोलरक्षक त्याच्यावर जीव टाकत.

मैदानाबाहेर मात्र तो घाबरट होता, असंच म्हणावं लागेल. एप्रिल लागला की तो दिवस मोजायला लागायचा. करार जूनमध्ये संपायचे, आणि मे उजाडला तरी क्लबवाले तोंड उघडायचे नाहीत. मग हा माणूस रोज सकाळी सरावाला जाताना संचालकाच्या खोलीचं दार बंद आहे की उघडं, एवढंच बघायचा.

ही सवय त्याला अठराव्या वर्षी लागली. पंधराव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबाच्या प्रशिक्षण केंद्रात घेतलं, तेव्हा त्याच्या बापाने, एदमोंने, अख्ख्या गल्लीला बिअर पाजली होती. गल्ली म्हणजे जुन्या खाणकामगारांची लाल विटांची घरं. आजोबा पोलंडहून खाणीत कामाला आले, खाणी बंद पडल्या, आणि एदमों बटाट्याच्या फ्राईज गोठवणाऱ्या कारखान्यात लागला. पोरगा मोठा फुटबॉलपटू होणार म्हणून तो कारखान्यात ताठ मानेने चालायचा. तीन वर्षांनी एका मंगळवारी संचालकाने तिबोला आत बोलावलं आणि चार मिनिटांत सांगितलं, "तू चांगला आहेस. पण हळू आहेस." तिबो बॅग घेऊन आगगाडीने घरी आला. पुढच्या सोमवारी तो बापाच्या शेजारी कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून काळे पडलेले बटाटे वेचत होता.

अडीच वर्षं त्याने ते काम केलं. रविवारी हौशी संघातून खेळायचा. केसांतला तेलाचा वास जात नसे, आणि समोरचे ओरडायचे, "अरे मेयोनेज आणा रे, फ्राईज आल्या!" पुढच्या कॉर्नरला तो त्यांच्या डोक्यावरून चेंडू काढायचा. एकविसाव्या वर्षी दक्षिणेतल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबाने त्याला एका वर्षासाठी घेतलं, आणि तिथून सुरू झालं ते बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं. एक वर्ष इथे, दोन वर्षं तिथे. अशी पाच शहरं झाली. तिसऱ्या शहरात त्याला मार्जोलेन भेटली. ती गाडी चालवायला शिकवायची आणि तो परीक्षेत दोनदा नापास झाला होता. "मैदानात इतका थंड असतोस," ती म्हणाली होती, "मग क्लच असा काय दाबतोस, विंचू मारल्यासारखा?" लग्नानंतर प्रत्येक गावात तिने नवं ड्रायव्हिंग स्कूल शोधलं. त्यांच्या मुलीने, कापुसिनने, आठव्या वर्षापर्यंत तीन शाळा पाहिल्या.

म्हणून लांब्रेकूरच्या क्लबाने त्याला बोलावलं तेव्हा मार्जोलेन पहिल्यांदा मोकळेपणी रडली. लांब्रेकूर एदमोंच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. करार दोन वर्षांचा, आणि त्यात एक अट: दुसऱ्या वर्षी तिबो तीस मॅचमध्ये सुरुवातीपासून खेळला आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत टिकला, तर आणखी एक वर्ष आपोआप मिळणार. तिबोला त्यांनी कप्तान केलं. कापुसिनला आईबापांनी पिवळे रबरी बूट घेऊन दिले, कारण तिथे पाऊस काही सुट्टी घेत नाही. मार्जोलेनने भिंतींना रंग लावला. त्याआधीच्या कुठल्याच घरात तिने खिळासुद्धा ठोकला नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, ते घडलं. त्या वर्षातली त्याची ती एकविसावी मॅच होती. मध्यंतराच्या थोडं आधी कॉर्नर आला, तिबो उसळला, समोरचाही उसळला, आणि दोघांची कपाळं एकमेकांवर आदळली. तो आवाज वरच्या रांगेतल्या लोकांनाही ऐकू गेला. तिबो अर्धा मिनिट पडून होता. क्लबाचा फिजिओ धावत आला.

"कुठलं मैदान आहे हे?"

"आपलं."

"स्कोर काय?"

तिबोने डोळे किलकिले करून फळ्याकडे पाहिलं. "एक-शून्य. आपण पुढे."

"उठ मग."

तो उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची पन्नास मिनिटं तो खेळला आणि लांब्रेकूरने मॅच जिंकली.

शॉवरखाली गोलरक्षक इसियाकाने त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की तो भिंतीला टेकला. "सत्तराव्या मिनिटाला तू जो रेषेवरून काढलास ना चेंडू! मी तर आडवा झालो होतो. लेका, तुला आज मी केक खाऊ घालणार!"

तिबो हसला. त्याला मात्र काही आठवेना. कुठला चेंडू? कुठली रेषा? मध्यंतरात कोच काय बोलला? तो संडासात गेला, आतून कडी लावली आणि मोबाइलवर मॅचची दृश्यं लावली. चार नंबरचा एक माणूस पाय लांबवून चेंडू काढत होता, उठून मुठी आवळत होता. तिबोने ते तीनदा पाहिलं. परक्या माणसाला पाहावं तसं पाहिलं.

त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. डोकं दुखायचं, ते सकाळी डोळे उघडल्यापासून. उजेड सोसवत नसे, म्हणून पावसाळी दिवसातही टोपी डोळ्यांवर ओढलेली. फ्रिज उघडून तो उभा राहायचा आणि काय घ्यायला आलो ते आठवत नसे. फार झालं की कोचला सांगायचा, "पोटरी ओढतेय." पोटरीसाठी एखादी मॅच विश्रांती मिळते. डोक्यासाठी काय मिळतं ते त्याने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

क्लबाचे डॉक्टर व्हासर दर महिन्याला तपासायचे. पाच शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने खेळाडूने ते परत म्हणायचे. सगळ्यांना दर वेळी तीच यादी. मार्चमध्ये तपासणीच्या आदल्या आठवड्यात तिबोने एका सहकाऱ्याकडून ती काढून घेतली, कागदावर लिहिली आणि गाडीत ठेवली. लाल दिव्यावर थांबला की तो पुटपुटायचा: गालिचा, मेंढी, खोगीर, मध, खिडकी. डॉक्टरांसमोर त्याने मुद्दाम एक शब्द थोडा अडखळून सांगितला, खरं वाटावं म्हणून.

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

मार्जोलेनला हे कळलं ते एप्रिलमधल्या एका रविवारी. तिघं एदमोंकडे जेवायला निघाली होती. गाडी तिबो चालवत होता. हा रस्ता त्याने लहानपणी सायकलवरून हजारदा तुडवला होता. सुपरमार्केटजवळच्या गोल चौकात गाडी शिरली, आणि फिरली. एक फेरी झाली. दुसरी झाली.

"पुन्हा, पापा, पुन्हा!" मागे कापुसिन टाळ्या पिटत होती.

तिसऱ्या फेरीला मार्जोलेनने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो रस्त्यांच्या पाट्या वाचत होता, एकेक अक्षर लावत. तिचा पाय आपोआप खाली दाबला गेला. शिकवण्याच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक असतो. या गाडीत तिथे फक्त चटई होती.

"दुसरं वळण," ती हळूच म्हणाली. "बेकरीच्या अंगाने."

"माहितेय मला. पोरीची गंमत करत होतो."

एदमोंच्या दारात गाडी लावताना पार्किंगचं वेळेचं कार्ड शोधायला तिने समोरचा खण उघडला. त्यात तो कागद होता. कापुसिन आजोबांकडे पळाली तशी तिने तो त्याच्यासमोर धरला.

"हे काय?"

"कापुसिनचं डिक्टेशन."

"दुसरीतल्या पोरांना 'खोगीर' घालत नाहीत, तिबो. आणि अक्षर तुझं आहे."

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग त्याने सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता. संडासातला मोबाइल, पोटरी, डॉक्टर. "पाच मॅच राहिल्यात," तो शेवटी म्हणाला. "पाच खेळलो की तीस होतात. मग एक वर्ष मिळेल. त्या वर्षात मी हवं तर बाकावर बसेन. पण आत्ता व्हासरना कळलं, तर ते मला लगेच थांबवतील."

"थांबवायलाच हवं."

"आणि मग? सातवं गाव?"

मार्जोलेनने त्या कागदाची घडी घातली. भिंतींचा रंग तिला आठवला, आणि तो आठवला याचीच तिला लाज वाटली.

आत एदमोंने बिअरमध्ये शिजवलेलं मांस मांडलं होतं. तिबोचा पडलेला चेहरा पाहून म्हातारा धीर द्यायला सरसावला. त्याला वाटलं, खेळाचा ताण आहे. "नोवित्स्की पडतात, पण उठतात! तुझ्या आजोबांचं ठाऊक आहे ना? छाती कोळशाने भरलेली, पण खाणीचा डॉक्टर तपासायला आला की एक कप कडक कॉफी, दोन घोट जिन, आणि श्वास रोखून उभे! खोकला म्हणून कधी ऐकू दिला नाही त्याला. आठ वर्षं फसवलं!"

"किती वर्षांचे होऊन गेले ते?" मार्जोलेनने विचारलं.

एदमोंने काटा खाली ठेवला. "बावन्न."

कापुसिनने आणखी फ्राईज मागितल्या.

मार्जोलेन डॉक्टरांकडे गेली नाही. त्या दिवसांबद्दल ती आजही स्वतःला माफ करत नाही. दोनदा तिने फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. मैदानात बसून बघणं तिला जमेना. घरच्या मॅचला ती कापुसिनला एदमोंकडे सोपवायची आणि गाडी लावतात तिथे गाडीत बसून राहायची. काच थोडी खाली. लोकांचा आवाज चढला की ती स्टिअरिंग घट्ट धरायची. आवाज पुन्हा पसरला की ती समजायची, तो उठला असावा.

परगावच्या एका मॅचला, अठ्ठाविसाव्या, चेंडू जवळून येऊन त्याच्या कानशिलावर बसला. मार काही मोठा नव्हता. पण मॅच संपल्यावर इसियाकाने त्याला बसमध्ये चढूच दिलं नाही. हाताला धरून बाजूला नेलं.

"वीस मिनिटांत तू मला तीनदा विचारलंस, स्कोर काय म्हणून."

"आवाज फार होता. ऐकू येत नव्हतं."

"तिबो, मैदानात सातशे माणसं होती, आणि त्यातली निम्मी सॉसेज खात होती." इसियाकाचा आवाज खाली आला. "दोन वर्षं मी तुझी पाठ बघतोय. मला दुसरं दिसतच नाही तिथून. तुझी पाठ आता वेगळी उभी राहते. डॉक्टरला सांग. नाहीतर मी सांगतो."

"सांग ना. मग माझ्या पोरीलाही तूच सांग, चौथी शाळा कुठल्या गावात ते."

इसियाकाने त्याचा हात सोडला. त्यालाही दोन मुलं होती, आणि त्याचाही करार जूनपर्यंतच होता. बसमध्ये तो पुढच्या बाकावर जाऊन बसला, आणि त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

मे महिन्यातली शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. लांब्रेकूरला टिकायला बरोबरी पुरेशी होती. हरले तर तिसऱ्या श्रेणीत. तिबोची ती तिसावी. संध्याकाळचं ऊन अजून छतावर होतं, आणि मैदान गच्च भरलं होतं. एदमों दुपारपासूनच जागा धरून बसला होता, शेजारी कापुसिन. मार्जोलेन गाडीत.

पहिल्या भागात एक-एक झालं. दुसऱ्या भागात समोरचे चढले. कोच देल्वाल घाबरला आणि बासष्टाव्या मिनिटापर्यंत त्याने तिन्ही बदली खेळाडू आत पाठवून टाकले. पासष्टाव्या मिनिटाला एक उंच चेंडू आला. तिबोने तो नेहमीसारखा डोक्याने परत धाडला. काही आदळलं नाही, कुणी पडलं नाही. पण खाली आला तेव्हा त्याला कळेना, आपला गोल कुठला.

मध्यंतरात बाजू बदलतात, हे त्याला माहीत होतं. मध्यंतर झालं होतं का? चेंडू पुन्हा त्याच्या पायात आला. तो वळला आणि ज्या बाजूला मोकळी जागा दिसली तिकडे ढकलला, थेट समोरच्या संघाच्या आघाडीच्या गड्याच्या पायात. इसियाकाने झेप घेऊन कसाबसा बाहेर काढला.

"तिबो! इकडे मी आहे! इकडे!" तो ओरडत होता.

तिबोने प्रेक्षकांकडे पाहिलं. त्याला वाटलं, पोरगी दिसली की सगळं जागेवर येईल. ती दिसलीही, एदमोंच्या शेजारी, पिवळ्या बुटांत, बाकावर उभी. समोरचा एक दात पडलेला. बुधवारी ती पोहायला जाते. लसूण खात नाही. झोपताना उशी पायाशी घेते. हे सगळं त्याला ठाऊक होतं. नाव आठवेना.

तो नाव शोधत उभा राहिला. बाजूने खेळ चालला होता. त्याने तिच्या आईचं नाव घेतलं, ते आलं. बापाचं आलं. तिच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. बारा वर्षं प्रत्येक जूनला वाटलेली भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. चेंडू बाहेर गेला तसा तो चालत बाजूच्या रेषेकडे आला.

"काय झालं?" देल्वाल धावत आला. "पाय?"

"डोकं."

"डोकं काय? रक्त तर कुठे दिसत नाही!"

"कोच, मला माझ्या मुलीचं नाव आठवत नाहीये."

देल्वालचं तोंड उघडं राहिलं. त्याने मागे फळ्याकडे पाहिलं, मग तिबोकडे. तो काही वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याही मानेवर ही मॅच बसली होती. "वीस मिनिटं, तिबो," तो जवळजवळ गयावया करत म्हणाला. "बदली संपलेत माझे. दहा जणांनी कसं निभेल? चेंडूला हात... डोकं लावू नकोस. नुसता उभा राहा. तू नुसता उभा राहिलास तरी ते घाबरतात."

तिबोने खरंच विचार केला. वीस मिनिटं उभं राहणं म्हणजे काय मोठं? वीस मिनिटांच्या पलीकडे वर्ष होतं, रंगवलेल्या भिंती होत्या. बाहेर पडलो आणि हरलो, तर तीस मॅच खेळूनही हातात काही नाही, हेही त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. मग त्याने दंडावरची कप्तानाची पट्टी काढली आणि कोचच्या हातात दिली.

"मला नुसतं उभं राहता येत नाही," तो म्हणाला, आणि रेषा ओलांडून बाहेर आला.

पंचाने विचारलं, खूण केली, खेळ सुरू केला. लांब्रेकूरचे दहा. लोकांना काही कळेना. कप्तान लंगडत नव्हता, रक्त नव्हतं, कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं; तो आपल्या पायांनी चालत निघाला होता. आधी गोंधळ झाला, मग एक शिट्टी वाजली, मग शेकडो. उत्तरेकडच्या मैदानांवर शिट्टी म्हणजे शिवी.

गाडीत मार्जोलेनला तो आवाज ऐकू आला. असा आवाज तिने तोवर ऐकला नव्हता. तो पडला, आणि या वेळी उठला नाही, असंच तिने धरलं. गाडीचं दार उघडं टाकून ती धावली. खेळाडूंच्या बोगद्यात तिबो बाकावर बसला होता, डॉक्टर व्हासर त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून बघत होते.

"तिचं नाव सांग," तिबो बायकोला म्हणाला.

"कुणाचं?"

"आपल्या तिचं."

मार्जोलेन त्याच्यापुढे जमिनीवरच बसली. "कापुसिन," ती म्हणाली.

"कापुसिन," तो म्हणाला. "कापुसिन. कापुसिन." आणि तो रडायला लागला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बाहेर एकाएकी शांतता पसरली आणि दूरच्या कोपऱ्यात थोडीशी माणसं ओरडली. तिघांनाही कळलं. लांब्रेकूर खाली गेलं होतं.

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "ते शब्द तुम्ही पाठ केले होते ना?"

"हो."

"मला मार्चमध्येच दुसरी यादी काढता आली असती. शंका आली होती मला." त्यांनी बॅटरी खिशात टाकली. "नाही काढली."

मोठ्या शहरातल्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, प्रश्न विचारले, आणि सांगितलं की खेळणं आजपासून बंद. बाकीचं? "बाकीचं पाहू," त्या म्हणाल्या. बरं होईल का, पंधरा वर्षांनी काय होईल, असं मार्जोलेनने तीन तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

तो उन्हाळा वाईट गेला. क्लब खाली गेला म्हणजे स्वयंपाकघरातल्या बायका, कपडे धुणारी, तिकिटांवर बसणारा, सगळ्यांच्या पोटावर आलं. क्लबाने तिबोच्या तब्येतीबद्दल चार ओळींचं पत्रक काढलं, पण ते कोण वाचतो? बेकरीत तिबो शिरला की बोलणं थांबायचं. मार्जोलेनच्या शिकवण्याच्या गाडीवर कुणीतरी खिळ्याने 'पळपुटा' असं कोरलं. ती तीच गाडी घेऊन दिवसभर गावात फिरली. शिकायला आलेली मुलगी बिचारी शरमेने लाल झाली होती. इसियाकाला दुसऱ्या गावात करार मिळाला. जाण्याआधी तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगायला हवं होतं." तिबो म्हणाला, "मीपण." मग दोघांनी कॉफी घेतली आणि इसियाकाच्या नव्या क्लबाच्या बचावफळीला नावं ठेवली.

एदमों मात्र फिरकला नाही. तीन आठवडे फोन नाही. तिबोला तपासण्यांपेक्षा त्याचा घोर जास्त. चौथ्या आठवड्यात एका सकाळी म्हातारा बागेतल्या बटाट्यांची पिशवी घेऊन आला, स्वयंपाकघरात बसला, सुरी मागितली आणि सोलायला लागला. तिबोही बसला. अर्धी पिशवी झाली.

"त्या दिवशी," एदमों बटाट्याकडे बघत म्हणाला, "मीपण शिट्टी वाजवली."

तिबोची सुरी थांबली.

"दोन बोटं तोंडात घालून. पोरगी शेजारी होती, ती म्हणाली, आजोबा, तो पापा आहे. तरी वाजवली. मला वाटलं, माझा पोरगा घाबरला."

"घाबरलोच होतो, बाबा."

"ते नाही रे. ते वेगळं..." म्हाताऱ्याने मनगटाने नाक पुसलं. "माझे बाबा बावन्नाव्या वर्षी गेले तेव्हा मी चौदाचा होतो. शेवटचे दोन महिने ते खुर्चीत बसून झोपायचे, आडवं होता येत नव्हतं म्हणून. हे मी कधी कुणाला सांगत नाही. कॉफी आणि जिनचंच सांगतो."

तिबोने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली, आणि राहिलेले बटाटे एकट्याने सोलले.

ते लांब्रेकूरमध्येच राहिले. तिबो आता नगरपालिकेच्या क्रीडा कार्यालयात काम करतो. कुठल्या शाळेला कुठलं मैदान कधी, ते ठरवतो, आणि सगळं लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी त्याला गाडी चालवायची परवानगी मिळाली. डोकेदुखी कमी झाली आहे. उजेड अजून कधीकधी टोचतो. दर ऑक्टोबरमध्ये तपासणी असते आणि सप्टेंबरपासून घरात सगळे जरा जास्तच हळू बोलतात. मार्जोलेन त्याच्यावर लक्ष ठेवत नाही असं दाखवते, आणि ती ठेवते हे आपल्याला कळत नाही असं तो दाखवतो. किल्ल्या सगळ्यांच्याच हरवतात. पण त्याच्या हरवल्या की तो तिला न सांगता आधी खिसे, मग कोट, मग गाडी असं शोधत सुटतो, आणि सापडल्या की बाहेरच्या पायरीवर थोडा वेळ बसून घेतो. जेवताना बोलता बोलता त्याचा एखादा शब्द अडतो, तेव्हा टेबलाभोवती सगळ्यांचे काटे हवेतच थांबतात. कधी शब्द येतो. कधी येत नाही, आणि मग कापुसिन मीठ मागते.